मैल्याचा वायू पाहायला टेक्ससला

अमेरिकेहून परत आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" मी म्हटलं, "मैला." त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. चिडलेली होतेच, पण उत्तर खरं होतं. लोक अमेरिकेत धबधबा बघतात, पुतळा बघतात. मी महापालिकेच्या सांडपाणी विभागातली कार्यकारी अभियंता, मी ह्यूस्टनपलीकडे जाऊन एका गावाचा मैला बघून आले. आमचं शहर विदर्भातलं. त्याचं नाव लिहीत नाही आणि त्या टेक्ससमधल्या गावाचंही लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे नावाशी भांडत बसतील आणि मुद्दा राहून जाईल.

मुद्दा समजायला थोडं आधीचं सांगते. शहराचा मैला शेवटी घट्ट गाळ होऊन मोठ्या बंद टाक्यांत जातो. त्यांना डायजेस्टर म्हणतात. आत ऊब असते, हवा नसते. जिवाणू गाळ खातात आणि गॅस निघतो. तो इंजिनात जाळून वीज करायची. गोबरगॅसचंच मोठं रूप. पण या टाक्यांना दोन रोग होतात. एक म्हणजे गॅसमध्ये मिसळणारा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो, इंजिन खातो आणि जास्त झाला तर माणूसही खातो. दुसरा म्हणजे पाइपांत धरणारा पांढरा खडा. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसाच, पण हा दगडासारखा. छिन्नी-हातोडीनं फोडावा लागतो.

आमच्याकडे हे दोन्ही रोग एकाच दिवशी गजाननच्या अंगावर आले. गजानन आमचा फिटर. खड्यानं तुंबलेला पाइप मोकळा करायला त्यानं जोड उघडला आणि मागे कोंडलेला गॅस बाहेर आला. तो पडला. त्याला उचलायला धावलेला हेल्परही पडला. हेल्पर वाचला. गजानन गेला. चौकशीत लिहिलं गेलं, "मास्क न वापरल्यामुळे." मास्क स्टोअरमध्ये नव्हताच. हे मी तेव्हाही बोलले होते, भर मीटिंगमध्ये. सगळ्यांनी चहा प्यायला.

त्यानंतर एक कंपनी आली. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. डायजेस्टरमध्ये मोजून अगदी थोडी हवा सोडायची, म्हणजे गॅसमधला सल्फाइड मरतो. इथपर्यंत ठीक, ही पद्धत मला माहीत होती. पण त्यांचं म्हणणं असं, की याच यंत्रानं पांढरा खडाही धरत नाही आणि एकही रसायन लागत नाही. टेक्ससमध्ये चालू आहे, या, डोळ्यांनी बघा. तिकिटं कंपनीनं काढली. ते मला खटकलं होतं. तरी गेले, कारण खरं असतं तर मला ते हवंच होतं. बरोबर आमचे अधीक्षक अभियंता पाठक साहेब होते.

शुगर लँड

विमानतळावर घ्यायला निखिल आला होता. कंपनीचा माणूस, मूळचा पुण्याचा, चाळिशीचा. "मॅडम, हॉटेल बुक आहेच, पण पहिलं जेवण आमच्याकडे. अदितीनं कालपासून तयारी केलीये." गाडीबाहेर पाय ठेवला आणि चष्म्यावर वाफ धरली. आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं शिजवतं.

शुगर लँड हे ह्यूस्टनचं उपनगर. कधीकाळी साखर कारखाना होता म्हणून हे नाव, हे कळल्यावर पाठक साहेब एकदम खुलले. त्यांचं आजोळ उसाच्या पट्ट्यातलं. त्यांनी निखिलला विचारलं, "मग इथे चेअरमन कोण असायचा?" निखिल इतका हसला की त्याचं वळण चुकलं, आणि तिथे वळण चुकलं की पुढच्या वळणासाठी गाव ओलांडावं लागतं. रस्ते रुंद, घरं रुंद, आणि चालणारं माणूस एकही नाही.

अदितीनं भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि ताकाची कढी केली होती. वांगी आणायला ती अर्धा तास ड्राइव्ह करून इंडियन ग्रोसरीत गेली होती, कारण जवळच्या दुकानातलं वांगं दुधीएवढं असतं. त्यांची मुलगी सई सोफ्यावर बसली होती. "सई, मावशींना पाणी दे गं." सई म्हणाली, "फ्रिजला बटण आहे ना, शी कॅन जस्ट प्रेस इट." अदितीनं डोळे मोठे केले, तेव्हा ती उठली.

जेवण झाल्यावर अदितीनं उष्टं सिंकमध्ये ढकललं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. खाली घरघर झाली आणि सगळं नाहीसं झालं. उरलेलं अन्न दळून गटारात सोडायची घराघरांत सोय! मी त्या सिंककडे बघतच राहिले. त्यांच्या बाथरूममध्ये शँपू आणि कंडिशनरच्या बाटल्यांची रांग होती. केस मऊ करणारं त्यातलं द्रव्य मैल्याबरोबर जातं, गॅसमध्ये उतरतं आणि इंजिनात जळून त्याची बारीक वाळू होते. पिस्टन खरवडले जातात. मी हे जेवणानंतर सांगितलं. अदिती म्हणाली, "म्हणजे ताई, मी केस धुतले की कुठेतरी इंजिन बिघडतं?" तेव्हापासून त्या घरात मी मॅडमची ताई झाले.

हे मुद्दाम लिहितेय. माणसं चांगली होती. पुढे जे झालं त्याचा राग त्यामुळे कमी झाला नाही, वाढलाच.

पहिली भेट

प्लँट ह्यूस्टनच्या पश्चिमेला, बराच दूर. दोन्ही बाजूंना सपाट कुरणं, मधेच एखादं सावलीचं झाड आणि त्याखाली दाटीनं उभ्या गाई. वाटेत एका पंपावर थांबून कोलाचे खाल्ले. चेक लोकांनी या भागात आणलेला गोड पाव, मधे जर्दाळूचा मुरंबा. निदान माझ्यात मुरंबा होता. पाठक साहेबांच्या पावात सॉसेज निघालं. साहेब पक्के शाकाहारी. त्यांनी घास कागदात काढला आणि गाडी सुरू होईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. निखिल "सॉरी सर, सॉरी" करत तीन दुकानांतून केळी शोधत फिरला.

प्लँटची प्रमुख डेबी. उंच, गुडघ्यापर्यंत बूट, आवाज असा की मोटर चालू असतानाही ऐकू यावा. ती सगळ्यांना, अगदी पाठक साहेबांनाही, "हनी" म्हणत होती. गेटवर तिनं प्रत्येकाच्या खिशाला गॅसचा अलार्म लावला. आमच्याकडे अख्ख्या प्लँटला मिळून असा एक आहे, आणि तो साहेबांच्या कपाटात असतो.

कंट्रोल रूमच्या पडद्यावर सल्फाइडचा आलेख होता. खाली, एकदम खाली. टेबलावर पाइपाचा कापलेला एक वाकडा तुकडा ठेवला होता. आतून स्वच्छ, खड्याचा कण नाही. "बघा ताई," निखिल म्हणाला, "वर्षभर वापरलेला एल्बो आहे."

मी तुकड्यात बोट फिरवलं. बोट काळं झालं. बारीक, काजळीसारखं काळं. हा रंग मला माहीत होता. गाळात लोखंडाचा क्षार घातला की तो सल्फाइडला धरून ठेवतो आणि असं काळं होतं. तोच क्षार फॉस्फरसलाही धरतो, आणि पांढरा खडा बनतो तो फॉस्फरसमुळेच, म्हणून तोही होत नाही. दोन रोगांवरचं एक जुनं, साधं औषध. पण मग यंत्र काय करत होतं?

बाहेर डायजेस्टरच्या मागे एक पिवळी टाकी दिसली. तिच्या खालचं सिमेंट गंजाच्या रंगानं माखलं होतं. फेरिक क्लोराइड, म्हणजे तोच लोखंडाचा क्षार. मी विचारलं, "निखिल, ही टाकी?"

"जुनी आहे ताई. आता लागत नाही. बघा, पंप बंद आहे. तेच तर आमचं सक्सेस आहे ना!"

पंप खरंच बंद होता. मी डेबीकडे पाहिलं. ती यंत्राकडे बघत होती. म्हणाली, "ते कंपनीचे लोक सांगतील, हनी."

गाडीत मी साहेबांना म्हटलं, "सर, आलेख कधीचा आहे ते विचारायला हवं." साहेब म्हणाले, "वैशाली मॅडम, पाहुणे आहोत आपण. उलटतपासणी काय करताय?"

गॅल्व्हेस्टन

शनिवार-रविवारी प्लँट दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून निखिलनं आम्हाला समुद्रावर नेलं. पाणी मातकट, वाळू घट्ट, वर पेलिकन ओळीनं उडत होते. लोक गाडीच्या मागच्या फळीवर शेगड्या मांडून मांस भाजत होते. अदितीनं आणलेल्या पराठ्यांचा डबा उघडला, तर शेजारच्या कुटुंबातल्या आजीबाई वास घेत आल्या. त्यांनी पराठा खाल्ला, पीकन नावाच्या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा गोड 'पाय' दिला आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली. पाठक साहेब पँट दुमडून पाण्यात उभे राहिले आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तो एक दिवस मला कोणाचाही राग आला नाही.

दुसरी भेट

सोमवारी आम्हाला डायजेस्टरच्या बाजूची पंपांची खोली दाखवणार होते. ती अर्धी जमिनीखाली आहे, लोखंडी जिना उतरून जावं लागतं. दारात पोचलो आणि सडक्या अंड्याचा वास आला. खाली लुईस नावाचा ऑपरेटर गुडघ्यांवर बसून गॅसच्या पाइपात साचलेलं पाणी एका नळातून काढत होता. हे रोजचं काम असतं. त्याच्या खिशातला अलार्म वाजत होता. त्यानं तो बंद केला आणि आमच्याकडे बघून हात हलवला.

मग माझा वाजला. मग साहेबांचा. निखिल म्हणाला, "कॅलिब्रेशनचा इश्यू असतो यार, हे सेन्सर फार सेन्सिटिव्ह आहेत."

मी श्वास घेतला. वास नव्हता. क्षणापूर्वी होता आणि आता नव्हता. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. गॅस इतका वाढलेला असतो, की नाकाला तो कळेनासा होतो. हे मी कर्मचाऱ्यांच्या कितीतरी प्रशिक्षण वर्गांत शिकवलंय. स्वतःच्या नाकाबाबत ते पहिल्यांदाच कळत होतं.

"बाहेर! सगळे बाहेर!" मी मराठीत ओरडले. इंग्रजी आठवेनाच. साहेब मागे सरकले. मी पुन्हा खाली पाहिलं. लुईस पंपाला टेकून बसला होता. दुपारच्या जेवणानंतर बसावं तसा. नळ तसाच उघडा होता.

"अरे, तो!" निखिल म्हणाला आणि जिना उतरायला लागला. मी त्याची कॉलर धरली. ती फाटली, तरी सोडली नाही. "सोडा ताई, तो माणूस मरेल!" "आणि तू गेलास तर दोघं मराल!" मी त्याला ओढत बाहेर आणलं. तो माझ्याहून वजनानं दुप्पट असेल. कसा आला, मला माहीत नाही.

डेबी धावत आली. तिनं पंख्याचं बटण दाबलं, मोठं शटर वर केलं आणि रेडिओवर ओरडली. पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले दोघं खाली उतरले. आम्ही गवतावर उभे होतो. मला एकच गोष्ट दिसत होती: आमच्याकडे अशी नळकांडी असती, तर मुलीच्या दहावीचे पेढे वाटायला गजानन स्वतः आला असता.

लुईसला बाहेर आणलं. गवतावर आडवं केलं, ऑक्सिजन लावला. बराच वेळ काही नाही. मग तो कुशीवर वळला आणि उलटी केली. डेबीनं त्याचं डोकं धरलं होतं. तिनं वर बघून, कोणाला उद्देशून ते न कळे, अशी शिवी दिली की पाठक साहेबांनी नजर वळवली.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी तिच्याकडे गेले. "डेबी, ती पिवळी टाकी कधी बंद केली?"

तिनं आता लपवलं नाही. "तुम्ही यायच्या आधल्या आठवड्यात. तोपर्यंत रोज चालू होती. वर्षानुवर्षं. तुम्ही आल्यावर रसायन चालू दिसायला नको, असं वरून सांगितलं. तुम्हाला दाखवलेला आलेख टाकी चालू असतानाचा आहे. ती बंद केल्यापासून गॅस चढतोय. रोज अलार्म वाजतात. मी दोनदा बोलले. मला सांगितलं, पाहुणे जाईपर्यंत थांब." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी थांबले, हनी. मी थांबायला नको होतं."

म्हणजे आमच्यासाठी. आम्ही बघावं म्हणून, आमच्या सहीसाठी, एका माणसाला त्या खोलीत गुडघ्यांवर बसवलं होतं. 

पाठक साहेब हळूच जवळ आले. "मॅडम, झालं ते वाईट झालं. पण तो माणूस वाचलाय. आपल्या रिपोर्टमध्ये हे कशाला? हा त्यांचा ऑपरेशनचा भाग आहे."

"सर," मी म्हटलं, "'रिपोर्टमध्ये हे कशाला', हे वाक्य तुम्ही गजाननच्या वेळीही बोलला होतात. शब्दसुद्धा बदलला नाहीत."

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांशी अशी पहिल्यांदा बोलले.  त्यांनी हात खिशात घातले आणि ते गाडीकडे चालू लागले.

शेवटचं जेवण

संध्याकाळी निखिलकडे जेवण ठरलेलं होतं. मी जाणार नव्हते, पण अदितीचा फोन आला, "ताई, प्लीज. तो काहीच बोलत नाहीये." म्हणून गेले. टेबलावर मसालेभात, मठ्ठा, जिलब्या. कोणी हात लावला नाही. सईला वरच्या खोलीत पाठवलं होतं.

मी सरळ विचारलं, "तुला माहीत होतं?"

"टाकी बंद केली ते माहीत होतं," निखिल म्हणाला. "गॅस इतका वाढलाय ते नव्हतं माहीत. आईशप्पथ ताई."

"विचारलंस का?"

"नाही."

"यंत्र खडा थांबवत नाही, हे?"

त्यानं समोरचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "यंत्र थोडा सल्फाइड कमी करतं. खड्याचं... ते मार्केटिंगनं घातलंय. मी सेल्समध्ये आहे ताई. ही नोकरी गेली तर व्हिसा जातो. सईची शाळा, हे घर, सगळं. तुम्हाला नाही कळणार."

"कळतंय," मी म्हटलं. "तुझी अडचण मला नीट कळतेय. पण आज तू जिना उतरायला लागलास ना, तेव्हा व्हिसाचा विचार केला नाहीस. तो माणूस खरा आहे. सूट घालून मला पिवळी टाकी जुनी आहे म्हणून सांगणारा माणूस कोण आहे, ते तूच बघ."

अदिती रडायला लागली. मला तिची कीव आली आणि तरी माझा राग गेला नाही. चांगल्या माणसांच्या घरी जेवून आपण खोट्यावर सही करावी, हीच तर त्या आमंत्रणातली योजना होती. अदितीला ते माहीत नव्हतं. तिची वांगी खरी होती. म्हणूनच राग जास्त.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर निखिलच सोडायला आला. निरोप घेताना तो म्हणाला, "लुईस शुद्धीवर आहे. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो." मी मान हलवली. एवढंच.

परत

मी अहवाल लिहिला. जे पाहिलं ते, क्रमानं. पाठक साहेबांनी त्यावर सही केली नाही. पण बैठकीत आयुक्तांनी विचारलं, "पाठक, तुमचं काय मत?" तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडमनी लिहिलंय ते घडलं आहे. मी तिथे होतो." एवढ्या एका वाक्यासाठी त्यांना किती घाम आला, ते मी पाहिलं. प्रस्ताव रद्द झाला. आता आमच्याकडे फेरिक क्लोराइडची टाकी आहे. त्याचे त्रास वेगळे. झाकण गंजतं, प्रमाण चुकलं तर पाइपात निळसर खडा धरतो, पुरवठादार दांड्या मारतो. पण गाळाच्या खोलीत पंखा आहे, दाराशी हवेची नळकांडी आहेत आणि अलार्म कपाटातून निघून माणसांच्या खिशात गेलेत. ते मिळवायला मला जितकं भांडावं लागलं, तितकं यंत्र विकत घ्यायला कोणाला भांडावं लागलं नसतं.

डेबीचा मेल आला. तिथेही लोखंडाचा क्षार घालणं पुन्हा चालू झालंय. लुईस कामावर परतला, पण त्याला अजून जिना उतरवत नाही. कंपनीच्या जाहिरातीत त्या प्लँटचे फोटो तसेच आहेत, तो आलेखही.

मग गेल्या महिन्यात कळलं, की आमच्या शेजारच्या एका महापालिकेनं त्याच यंत्राची फाइल पुढे सरकवली आहे. मी तिथल्या अभियंत्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, पण आम्ही दिवाळीनंतर टेक्ससला जातोय ना, प्रत्यक्ष बघायलाच. सगळी व्यवस्था झालीये."

"जरूर जा," मी म्हटलं. "आणि तुम्ही याल म्हणून तिथे काय काय बंद केलंय, ते उतरल्या उतरल्या विचारा. जिन्याखाली त्या वेळी कोणीतरी बसलेला असेल."